मोजून दिलेलं पाणी

समुपदेशनाच्या खोलीत श्रद्धाळू माणसं एक प्रश्न फार खालच्या आवाजात विचारतात, जणू पलीकडच्या खोलीत देव बसलाय आणि त्याला ऐकू जाईल अशा भीतीने. "मी रोज प्रार्थना करते. सगळे म्हणतात, या दुःखामागे देवाचा काहीतरी हेतू आहे. मला तो दिसत नाही. माझाच विश्वास कमी पडतोय का?"

हा प्रश्न घेऊन सुनंदाताई पहिल्यांदा आल्या तो दिवस जानेवारीतला. नाव बदललंय, आणि ओळख पटेल असे तपशीलही. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला यायला दहा-बारा मिनिटं लागतात, पण त्या तासभर आधीच निघायच्या. तलावपाळीच्या कट्ट्यावर एकट्या बसायच्या आणि मग नौपाड्यात माझ्याकडे यायच्या. "तेवढाच एक तास मॅडम, जेव्हा मला कोणी पाणी मागत नाही," त्या म्हणाल्या. मला तेव्हा वाक्य कळलं नाही.

त्यांचे यजमान रबाळ्याच्या एका कंपनीत फिटर होते. दोन वर्षांपूर्वी दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं निदान झालं. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळच्या पाळीत चार-चार तास डायलिसिस. प्रत्यारोपणासाठी झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयववाटप ठरवणाऱ्या विभागीय केंद्राच्या, यादीत नाव आहे. बायकोची किडनी कायद्याने चालते, पण सुनंदाताईंना स्वतःलाच डायबेटिस, म्हणून डॉक्टरांनी नकार दिला. घर त्यांच्या ब्लाउज शिवण्यावर आणि मुलीच्या शिकवण्यांवर चाललेलं.

हे सगळं त्यांनी भाजीच्या हिशेबासारखं सांगितलं. रडू आलं ते दुसऱ्याच गोष्टीवर. चर्चमध्ये, म्हणजे त्यांच्या भाषेत मंडळीत, उपवासकाळात महिलांचा मेळावा होणार होता आणि पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, त्यांना साक्ष द्यायला सांगितली होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. "साक्षीला शेवट लागतो ना मॅडम. मी आजारी होते, प्रार्थना केली, बरी झाले. नोकरी गेली होती, मिळाली. माझ्याकडे शेवटच नाही. मी काय सांगू, की अजून चालूच आहे?" मेळाव्याचं ठरल्यापासून त्यांची झोप उडाली होती.

दुसऱ्या भेटीत मी एक चूक केली. पुस्तकात वाचलेला, एरवी बरा चालणारा प्रश्न विचारला: "या दोन वर्षांनी तुम्हाला काय शिकवलं असं वाटतं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्हीपण?"

त्या दोन शब्दांनंतर मी वही बंद केली. दोन वर्षं प्रत्येक भेटायला येणाऱ्याने त्यांना हाच प्रश्न वेगवेगळ्या वेषात विचारला होता. देवाची योजना आहे. तो सहन होईल तेवढंच देतो. सोनं आगीतूनच निघतं. म्हणणाऱ्यांचं मन वाईट नसतं. त्यांना समोरचं दुःख बघवत नाही, म्हणून ते त्यावर घाईघाईने झाकण ठेवतात. मीही तेच केलं होतं, फक्त पदवी लावून.

इथे सांगायला हवं की मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरात अशा वेळी 'प्रारब्ध' म्हणतात, 'मागच्या जन्मीचं काहीतरी' म्हणतात. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? तो प्रश्न मी इतक्या वेगवेगळ्या घरांतून ऐकलाय की मला तो आपल्या आळीतलाच वाटतो. येशूचं उत्तर: याचंही नाही, त्याच्या आईबापाचंही नाही. पुढे तो देवाच्या कार्याबद्दल बोलतो, आणि लगेच थुंकीने माती कालवून त्याच्या डोळ्यांना लावतो.

शास्त्रातलं हे सगळं मला आधीपासून ठाऊक होतं असं नाही. माझ्याकडे येणारा माणूस ज्या भाषेत देवाशी बोलतो, ती भाषा थोडी तरी शिकल्याशिवाय मी त्याला मदत करू शकत नाही. म्हणून सुनंदाताईंच्या परवानगीने मी त्यांच्या पाळकांना फोन केला. पाळक समजूतदार निघाले. हे नेहमी घडत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवते.

मी ताईंना एक काम दिलं होतं: प्रार्थना लिहून आणा, पण शोभणारी नको, मनात असलेली. त्या दचकल्या. "देवाशी असं बोलतात?" मी म्हटलं, हे मला नाही, पाळकसाहेबांना विचारा. पाळकांनी उत्तरादाखल 88वं स्तोत्र वाचायला सांगितलं. बायबलमधल्या 150 स्तोत्रांपैकी निदान तिसरा हिस्सा तक्रारीचा, विलापाचा आहे. बहुतेक विलाप शेवटी कुठेतरी वळतात, 'तरी मी तुझ्यावर भरवसा ठेवीन' म्हणतात. 88वं वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द 'अंधार' आहे. आणि तरी ज्याने ते ग्रंथात ठेवलं त्याने ते फाडून टाकलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्या आल्या त्या जवळजवळ रागावूनच. "हे इतकी वर्षं कोणी मला दाखवलं का नाही? मी लहानपणापासून शास्त्र वाचते." मग स्वतःच हसल्या. "वाचलं असेल. दिसलं नसेल."

बायबलमधल्या ईयोबाचंही तसंच, ज्याच्यावर एकामागून एक संकटं कोसळली. त्याचे मित्र सांत्वनाला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले. तोवर ते फार चांगले मित्र होते. तोंड उघडून कारणं सांगायला लागले आणि बिघडलं. शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी ठीक बोलला नाहीत, ईयोब बोलला. म्हणजे जो अख्खं पुस्तकभर देवाशी भांडला, तो. ज्यांना तक्रार केली की आपला विश्वास ढळला असं वाटतं, त्यांना मी हे हमखास सांगते.

केनेथ पार्गामेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने श्रद्धा आणि संकट या विषयावर अनेक वर्षं काम केलंय. थोडक्यात सांगायचं तर, संकटात त्याच श्रद्धेचा आधारही होतो आणि ओझंही. देव या त्रासात माझ्यासोबत आहे असं वाटणारा बहुधा सावरतो. देव मला शिक्षा करतोय किंवा त्याने मला टाकलंय याच विचारात अडकून पडणारा आणखी खचतो. सुनंदाताई दुसऱ्या काठावर उभ्या होत्या आणि भोवतालचे त्यांना तिथेच ढकलत होते.

एकदा तर फार पुढे गेलं. कुणाच्या तरी घरच्या प्रार्थनासभेत बाहेरगावच्या एका प्रचारकाने यजमानांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, मशीन सोडा, विश्वास धरा. ते दोघं घरी येऊन रात्रभर त्यावर बोलले. हे मला कळलं तेव्हा मी समुपदेशकाची मवाळ भाषा सोडली. ताईंना स्पष्ट सांगितलं: किडन्या पूर्ण बंद असताना डायलिसिस थांबवलं तर माणूस काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत जातो. पाळकांनी पुढच्या रविवारी उपदेशात, कोणाचं नाव न घेता, सांगितलं की शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, आणि प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं लिहिलं, फक्त प्रार्थना कर असं नाही. माझ्या दहा भेटींचं काम त्या एका रविवारी झालं.

आणखी एक गोष्ट मी विचारली, आणि ती प्रत्येकाला विचारते: मरावंसं वाटतं का? त्या थोडा वेळ गप्प बसल्या. "मरावंसं नाही. झोपावं आणि उठूच नये, असं." हेही तितकंच गंभीर घ्यायचं असतं. मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, औषध सुरू झालं, दीड महिन्यात झोप बरीच सुधारली. गोळी घेणं म्हणजे प्रार्थनेवर अविश्वास नव्हे, हे त्यांना पटायला 'यांच्या मशीनसारखंच ना' एवढं एक वाक्य पुरलं, आणि तेही त्याच म्हणाल्या. असं काही मनात येत असेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.

आता पाण्याचं.

डायलिसिसवरच्या माणसाला लघवी फारशी होत नाही, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच राहतं. पाय सुजतात, फुप्फुसात पाणी भरतं, रात्री दम लागतो. सुनंदाताईंच्या यजमानांना डॉक्टरांनी दिवसाला एक लिटर सांगितलं होतं. त्यात चहा आला, डाळीचं पाणी आलं, गोळ्यांबरोबरचा घोट आला. नारळपाणी तर पोटॅशियममुळे पूर्ण बंद. ताईंनी एका बाटलीवर मार्करने रेघा मारल्या होत्या. चहा दिला की तेवढंच पाणी बाटलीतून मोरीत ओतायचं, म्हणजे उरलं किती ते डोळ्यांना दिसतं. एप्रिल-मे महिन्यात दुपारी चारलाच बाटली रिकामी व्हायची. मग बर्फाचा एक खडा. मग लिंबाची फोड चोखायला. आणि रात्री झोपण्याआधी यजमानांच्या डाव्या हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीवर, दोन बोटं ठेवून थरथर लागते का, रक्त नीट वाहतंय का, ते बघायचं. मांजर घुरघुरतं तशी लागते. ती लागली की दिवा बंद.

"तहानलेल्या माणसाला पाणी देणं हे पुण्य ना मॅडम? मी दिवसभर माझ्या नवऱ्याला पाणी नाही म्हणते." तलावाच्या काठी बसून मिळणारा तो एक तास मला तेव्हा कळला.

हेतूचा विषय मी पुन्हा काढला नाही. तो त्यांनीच काढला, मार्चमध्ये, आडवळणाने. डायलिसिस सेंटरमध्ये एक नवी बाई यायला लागली होती, दिघ्याची, मुलगा बावीस वर्षांचा. रडत बाकावर बसायची. मुलगा चोरून बाथरूमच्या नळाचं पाणी प्यायचा आणि दर वेळी वजन तीन-चार किलो वाढलेलं निघायचं. ताईंनी तिला बाटलीची युक्ती दाखवली. मीठ कमी केलं की तहानच कमी लागते, हे सांगितलं. पालेभाजी आधी उकळून ते पाणी फेकायचं, हे सांगितलं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिस होतं हे त्या बाईला ठाऊकच नव्हतं. तिला हात धरून योजनेच्या खिडकीशी नेलं.

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "यासाठी देवाने यांच्या किडन्या नेल्या असं म्हणू नका हं. त्या बाईला बाटली दाखवायला देवाला एवढं करायची गरज नव्हती."

मी तसं म्हणणारच नव्हते, पण त्यांनी ते म्हटलं याचा मला फार आनंद झाला.

मग त्यांनी आजीची गोष्ट सांगितली. आजी केडगावला, पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या मुक्ती मिशनच्या आसपास वाढलेली. रमाबाईंचे आईवडील 1870च्या दशकातल्या दुष्काळात अन्नावाचून गेले. पुढे भाऊ गेला, 1882मध्ये नवरा गेला, पदरात वर्षाच्या आतली मुलगी. 1896-97मध्ये पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि केडगाव उभं राहिलं. ती मुलगी, मनोरमा, रमाबाईंच्या आधी आठ-नऊ महिने गेली. "आजी म्हणायची, रमाबाईंना उपास ठाऊक होता म्हणून त्यांना त्या पोरी दिसल्या. आजीने असं कधीच नाही म्हटलं की दुष्काळ त्यासाठी पडला."

रोमकरांस पत्रातलं ते प्रसिद्ध वचन, देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, ताईंना तोंडपाठ होतं आणि दोन वर्षं ते त्यांना दगडासारखं लागत होतं. पाळकांनी त्यांना इतकंच दाखवलं की तिथे 'मिळून' हा शब्द आहे. एकेक गोष्ट सुटी घेतली तर ती चांगली आहे असं कोणी म्हटलेलं नाही. ते वचन त्यांना अजून गोड लागत नाही. पण आता टोचत नाही, म्हणाल्या.

मेळाव्यात त्यांनी साक्ष दिली नाही. त्याऐवजी त्यांनी पाळकसाहेबांकडे स्वतःहून दुसरं काहीतरी मागितलं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीनच्या उपासनेत येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. मला वाटलं चौथा मागतील, 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास'. त्यांनी पाचवा मागितला: 'मला तहान लागली आहे.'

मी गेले नाही. समुपदेशकाने असं जाऊ नये. पण पुढच्या भेटीत त्यांनी तो कागद आणला. वहीच्या पानाच्या दोन्ही बाजू, शिवणाच्या मापांच्या मधे लिहिलेलं. त्यात येशूला दिलेल्या आंबेच्या, म्हणजे आंबट द्राक्षारसाच्या, स्पंजाबद्दल होतं, बर्फाच्या खड्याबद्दल होतं. एक वाक्य मी त्यांच्या परवानगीने देते: "आमच्या घरात हा उद्गार दिवसातून वीसदा ऐकू येतो, आणि तो बोलणाऱ्याला मी नाही म्हणते, म्हणून त्या दिवशी वधस्तंभाखाली उभ्या असलेल्या आईचं काय झालं असेल ते मला थोडं कळतं."

"आणि यजमान?" मी विचारलं. शुक्रवार होता, म्हणजे सकाळी डायलिसिस.

"तिथूनच आले ना. दमलेले होते, शेवटच्या बाकावर बसले. उपासना संपल्यावर कुणीतरी यांच्या हातात सरबताचा ग्लास दिला. यांनी लांबूनच माझ्याकडे बघितलं. मी बोटाने दाखवलं, अर्धा. मग जाऊन उरलेला मी प्यायले."