मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३०, मेकॅनिक म्हणतो २०डब्ल्यू-५० टाका. कुणाचं ऐकू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेट्रोल गाडी, १,२०,००० किमी झालेले, मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलंय. मेकॅनिकचं म्हणणं, "इंजिन जुनं झालं, उन्हाळाही कडक आहे, जाड ऑइल टाका, आवाज बसेल." मॅन्युअलचं ऐका. ऑइल खरंच कमी होत असेल तर फार तर ५डब्ल्यू-४० पर्यंत जा, तेही मॅन्युअलच्या तक्त्यात ती ग्रेड असेल तर. २०डब्ल्यू-५० नको. आवाज बसेलही, पण जाड ऑइल आवाज दाबतं म्हणून. ज्या झिजेमुळे तो येतो, ती तशीच राहते.

आधी आकड्यांचा अर्थ. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा. ५डब्ल्यू ऑइल उणे ३० अंशांना क्रँक फिरू देईल इतपत पातळ राहिलं पाहिजे, १५डब्ल्यूची तीच परीक्षा उणे २० ला होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. डब्ल्यूच्या नंतरचा आकडा १०० अंशांचा, म्हणजे इंजिन नीट तापल्यावरचा. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या तक्त्यात ३० ग्रेड म्हणजे १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक; आकडा मोठा तितकं ऑइल जाड), ४० म्हणजे १२.५ ते १६.३, आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. म्हणजे ५डब्ल्यू-३० आणि १०डब्ल्यू-३० तापल्यावर एकाच पट्ट्यात येतात. "आमच्याकडे बर्फ पडत नाही, मग ५डब्ल्यू कशाला, ते पाण्यासारखं पातळ असतं" हा युक्तिवाद इथेच गळतो. पहिला आकडा लहान असला म्हणून गरम इंजिनात ऑइल पातळ होत नाही.

उलट खरी गंमत सुरुवातीला आहे. ५डब्ल्यू-३० ऑइल ४० अंशांना साधारण ६० ते ७० सेंटिस्टोक असतं. म्हणजे कडक उन्हाळ्याच्या सकाळीसुद्धा चावी फिरवता तेव्हा ते इंजिनाला हवं त्याच्या सहापट जाड असतं. २०डब्ल्यू-५० त्याच तापमानाला दीडशेच्या पुढे जातं. पंप ते ढकलतो, प्रेशर वाढतं, रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि बरंचसं ऑइल बेअरिंगकडे जाण्याऐवजी परत तळाच्या ऑइल चेंबरमध्ये पडतं. फिल्टरमधूनही ते पटकन जात नाही, मग फिल्टरचा बायपास उघडतो आणि न गाळलेलं ऑइल पुढे जातं. कॅमशाफ्ट आणि टॅपेट सगळ्यात वर असल्यामुळे ऑइल त्यांच्यापर्यंत सगळ्यात उशिरा पोहोचतं. गेजवर प्रेशर जास्त दिसलं की लोक खूश होतात. पण प्रेशर म्हणजे प्रवाहाला झालेला अडथळा, पोहोचलेलं ऑइल नव्हे.

आता उन्हाळ्याचं. बाहेर २५ अंश असोत की ४०, थर्मोस्टॅट कूलंटला ९० च्या आसपास धरून ठेवतो आणि साध्या वापरात ऑइल ९० ते ११० मध्ये राहतं. म्हणून हवामानाचा परिणाम वाटतो तेवढा नसतो. फरक पाडतो तो भार: चढावर भरलेली गाडी, मागे ट्रेलर, तासन्‌तास पूर्ण वेग. तेव्हा ऑइल १२० च्या वर जातं. ढोबळ हिशेब असा की तापमान २० अंशांनी चढलं की ऑइल एका ग्रेडने पातळ होतं. १२० अंशांवरचं ३० हे १०० अंशांवरच्या २० सारखं वागतं. तुमची गाडी रोज अशीच राबत असेल तर ४० चा विचार रास्त आहे. रोजच्या ऑफिसच्या फेऱ्यांसाठी नाही.

यापेक्षा महत्त्वाची, आणि दुकानात कुणीच न सांगणारी गोष्ट म्हणजे डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलेली सगळी ऑइलं सारखी नसतात. डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा. एचटीएचएस नावाचं एक माप असतं. १५० अंशांना, बेअरिंगमध्ये रगडलं जात असताना ऑइलची फिल्म किती टिकते हे ते सांगतं. एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना) ए५/बी५ लिहिलेल्या ५डब्ल्यू-३० मध्ये ते २.९ ते ३.५ असतं, इंधन वाचवण्यासाठी मुद्दाम कमी ठेवलेलं. एसीईए सी३ लिहिलेल्या ५डब्ल्यू-३० मध्ये किमान ३.५. दोन्ही डब्यांवर समोर तोच मोठा आकडा, पण इंजिनाला दोन वेगळी ऑइलं. मॅन्युअलमध्ये ग्रेडशेजारी जो कोड दिलाय (एपीआय म्हणजे अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचा, एसीईए किंवा कंपनीची स्वतःची मान्यता) तो जुळलाच पाहिजे. माझ्या मते ग्रेड एका पायरीने हुकली तर इंजिन बहुधा माफ करेल, कोड हुकला तर करेलच असं नाही.

टर्बो असलेल्या डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल गाड्यांना एपीआय एसपी किंवा किमान एसएन प्लस लागतं, कारण कमी आरपीएमला जोर मागताना मिश्रण वेळेआधी पेटून पिस्टन फुटण्याचा धोका असतो आणि ही ऑइलं तो कमी करतात. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेलला कमी राखेचं, एसीईएच्या सी वर्गातलं ऑइल. ऑइलची राख डीपीएफमध्ये साचते आणि रिजनरेशनमध्ये, म्हणजे फिल्टर काजळी जाळून स्वतःला साफ करतो तेव्हा, जळत नाही. टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये बुडालेला असेल तर कोडमध्ये शून्य तडजोड. चुकीच्या ऑइलने बेल्टचं रबर सुटतं आणि त्याचे तुकडे पंपाच्या जाळीत अडकतात.

"इंजिन जुनं, गॅप वाढलेत" या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, पण थोडंच. नियमित ऑइल बदललेल्या इंजिनात सव्वा लाखाला मेन बेअरिंग फारशी झिजलेली नसतात. ऑइल कमी होतं ते बहुतेकदा कार्बनने जाम झालेल्या ऑइल रिंगांतून, कडक पडलेल्या व्हॉल्व्ह सीलमधून, किंवा अडकलेल्या पीसीव्ही व्हॉल्व्हमुळे (इंजिनात साचणाऱ्या वायूंना वाट देणारा व्हॉल्व्ह). पीसीव्ही हा छोटा आणि बऱ्याच गाड्यांत सहज हाती लागणारा भाग; जाड ऑइलवर पैसे घालवण्याआधी तो बघा. शिवाय तुमच्या इंजिनात व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ गरजेनुसार बदलणारी यंत्रणा) असेल तर ती ऑइलच्याच दाबावर चालते आणि ते ऑइल सोलेनॉइडच्या बारीक जाळीतून जातं. २०डब्ल्यू-५० टाकल्यावर थंड इंजिनात कॅम उशिरा हलतो, पिकअप मरतो आणि चेक इंजिनचा दिवा लागू शकतो.

म्हणून आधी मोजा. गाडी सपाटीवर, इंजिन तापवून बंद, दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक काढून पुसा, पूर्ण आत घाला, मग वाचा. मॅक्सपर्यंत भरून किमीचा आकडा लिहून ठेवा. १००० किमीनंतर तशाच प्रकारे बघा आणि मापाच्या भांड्याने किती घालावं लागलं ते नोंदवा. पाव लिटरच्या आत असेल तर काही बदलू नका. पाव ते अर्धा लिटर असेल आणि बाहेर गळती नसेल तर पुढच्या बदलाला त्याच कोडचं ५डब्ल्यू-४० टाकून पुन्हा मोजा. लिटरच्या घरात असेल तर कुठलीही ग्रेड उपयोगाची नाही, इंजिन तपासायला हवं.

डिपस्टिकचा वासही घ्या. पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर छोट्या थंड फेऱ्यांमुळे पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. अशा वेळी ३० चं २० व्हायला वेळ लागत नाही. इथे उपाय लवकर ऑइल बदलणं हा आहे, जाड ऑइल नव्हे. फिलर कॅपच्या आत साय धरल्यासारखा पांढरट थर दिसला तर ते बहुतेकदा छोट्या फेऱ्यांतलं साचलेलं पाणी असतं; कूलंटही घटत असेल तर मात्र हेड गॅस्केटची शंका घ्या.

गरम इंजिन आयडलवर असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल तर लगेच बंद करा आणि पातळी बघा. पातळी ठीक असेल तर प्रेशर स्विचच्या जागी गेज लावून खरं प्रेशर मोजून घ्या. दिवा विझावा म्हणून जाड ऑइल ओतणं म्हणजे ताप मोजायचा सोडून थर्मामीटर फोडणं.

२०डब्ल्यू-५० ला माझा सरसकट विरोध नाही. जुन्या रचनेच्या इंजिनांत गॅपच मोठे ठेवलेले असत आणि अशा काही मॅन्युअलमध्ये तापमानाच्या तक्त्यात ही ग्रेड स्पष्ट दिलेली असते. तिथे ती खुशाल वापरा. तुमच्या मॅन्युअलमध्येही असा तक्ता आहे का, शेवटच्या पानांत, वजन आणि टायर प्रेशरच्या आसपास, एकदा बघा.

२०डब्ल्यू-५० आधीच टाकून झालं असेल तर घाबरण्यासारखं नाही. पुढच्या सर्व्हिसची वाट न बघता इंजिन कोमट असताना ड्रेन करा, फिल्टरही बदला, ड्रेन बोल्टला नवा वॉशर लावा. फ्लशिंग ऑइलची गरज नाही. आत उरलेलं थोडं जुनं ऑइल नव्यात मिसळून जातं. फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावून तो हातानेच आवळा, रबर टेकल्यावर पाऊण फेरा पुरतो. भरताना मॅन्युअलमधला "फिल्टरसह" असा आकडा घ्या आणि आधी त्याहून अर्धा लिटर कमीच ओता. अर्धा मिनिट इंजिन चालवून बंद करा, थांबा, मग डिपस्टिक बघत मॅक्सच्या किंचित खाली आणून सोडा. मॅक्सच्या बरंच वर गेलं तर क्रँक ऑइल घुसळून त्याचा फेस करतो, आणि फेस बेअरिंगला वाचवत नाही.