समाजसेवेला डिग्री कशाला? : एमएसडब्ल्यूबद्दल तुमचे प्रश्न

जूनच्या आसपास दरवर्षी एमएसडब्ल्यूबद्दल, म्हणजे मास्टर ऑफ सोशल वर्क या समाजकार्याच्या पदव्युत्तर डिग्रीबद्दल, तीच पत्रं येतात, पण यावेळी जरा जास्तच आलीत. नावं छापत नाहीये, गावं तेवढी देते. काही पत्रं लांब होती म्हणून कापली, राग नसावा.

प्रश्न : ताई, मी बीकॉम केलंय, वय २३. आई बचत गटाची अध्यक्ष आहे, लहानपणापासून तिच्यासोबत बँकेत, पंचायत समितीत फिरलेय, गटाचे हिशोब मीच लिहिते. मला एमएसडब्ल्यू करायचंय पण पप्पा म्हणतात समाजसेवा करायला डिग्री कशाला लागते, गाडगेबाबांनी कुठं एमएसडब्ल्यू केलं होतं? आणि दोन वर्षं घालवून पगार तरी किती मिळणार? मी काय सांगू त्यांना? (बार्शी)

पप्पांना आधी सांग की गाडगेबाबांचं बरोबर आहे. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते आणि बाबा आमटे वकिली शिकलेले, त्यांनाही कुणी सर्टिफिकेट मागितलं नाही. पण मग असं विचार त्यांना, की आपल्या तालुक्यात एखाद्या बाईला नवऱ्याने मारून घराबाहेर काढलं आणि ती पोलीस स्टेशनला गेली तर तिच्याशी बोलायला तिथे कोण बसलेलं असावं? रोज, ठरलेल्या वेळी, पगारावर, आणि जिला घरगुती हिंसाचाराचा कायदा, कोर्टाची पायरी, माहेरच्यांची अडचण हे सगळं माहितीये अशी कुणीतरी. ही कल्पनेतली गोष्ट नाहीये. १९८४ साली टिसने (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) मुंबईच्या पोलीस आयुक्तांच्या ऑफिसात महिला आणि मुलांसाठी स्पेशल सेल सुरू केला, पुढे तो राज्यात ठिकठिकाणी पोहोचला, आणि तिथे बसणाऱ्या मुली एमएसडब्ल्यू झालेल्या असतात. १०९८ ही लहान मुलांची हेल्पलाइनसुद्धा १९९६ मध्ये टिसच्याच एका फील्ड प्रोजेक्टमधून निघाली. समाजसेवा मनात आलं की करता येते, समाजकार्य ही ड्युटी आहे, मनात नसलं तरी सकाळी दहाला हजर राहावं लागतं.

आणि हे शिक्षण काही कालपरवाचं फॅड नाही. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचा अमेरिकन मिशनरी नागपाड्याच्या चाळींमध्ये काम करत होता, त्याला दिसलं की चांगल्या मनाची माणसं भरपूर आहेत पण काम कसं करायचं हे शिकलेली नाहीत, म्हणून टाटा ट्रस्टच्या पैशातून १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्य शिकवणारी शाळा निघाली, तीच आजची टिस. १९४६ मध्ये जेजे हॉस्पिटलात पहिली मेडिकल सोशल वर्कर नेमली गेली. मग १९५५ मध्ये मुंबईचं निर्मला निकेतन, १९६३ मध्ये पुण्याची कर्वे इन्स्टिट्यूट. नागपूर, नगर, कोल्हापूर, जळगाव, सोलापूर सगळीकडे आता सोय आहे. कुठल्याही शाखेची पदवी चालते, त्यामुळे बीकॉमची काळजी नको, उलट गटाचे हिशोब लिहिलेली मुलगी वर्गात भाव खाऊन जाईल बघ.

पगाराचं खोटं सांगणार नाही. सरकारी मेडिकल कॉलेजात समाजसेवा अधीक्षक, किंवा परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), अशा पर्मनंट जागा असतात पण थोड्या, आणि जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही. बाकी बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी, ११ महिन्यांची ऑर्डर, एक दिवस ब्रेक, परत ऑर्डर. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, एचआयव्हीचे समुपदेशक, उमेद (बचत गटांचं सरकारी अभियान), संस्थांचे प्रोजेक्ट, हे सगळं त्यातलंच. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले त्यामुळे सीएसआरमध्ये बऱ्या पगाराच्या जागा आल्या, पण तिथे इंग्रजीत रिपोर्ट लिहिता यायला हवेत, ते आतापासूनच मनावर घे. स्कॉलरशिपसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर कोणती योजना लागू होते ते ॲडमिशनच्या आधीच बघून ठेव, कागद जमवण्यातच महिना जातो.

कॉलेज निवडताना नावावर जाऊ नकोस (टिसला जायचं असेल तर सीयूईटी पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि त्यांचा तुळजापूरचा कॅम्पस ग्रामीण कामासाठीच उभा राहिलाय, तुला जवळही आहे, तो जरूर बघ). मी सांगते तसं कर, सेकंड इयरच्या एखाद्या मुलीला गाठ आणि विचार की आयसी दर आठवड्याला होते का. आयसी म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स, सुपरव्हायजर एका विद्यार्थ्याला समोर बसवून त्याच्या फील्डवर्कबद्दल बोलतात ती. ती मुलगी म्हणाली, "आयसी? सबमिशनच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या सह्या एकदम होतात," तर बिल्डिंग कितीही भारी असो तिथे जाऊ नकोस. बाकी समाजशास्त्र, मानसशास्त्र, रिसर्चचे पेपर सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखेच.

प्रश्न : मॅडम, फर्स्ट इयरला आहे, फील्डवर्क सरकारी हॉस्पिटलमध्ये लागलंय. एका पेशंटची बायको रडत होती, दोन दिवस जेवली नव्हती, मी खिशातले ५०० रुपये दिले. रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे भेटीच्या लेखी नोंदीत, तसं लिहिलं तर सुपरव्हायजरने झापलं. म्हणे हे सोशल वर्क नाही. मग सोशल वर्क म्हणजे नुसतं लिहीत बसणं का? प्रत्येक व्हिजिटचं आठ-आठ पानं रेकॉर्डिंग मागतात. (नांदेड)

तू दिलेस त्यात पाप काही नाही, भुकेल्या बाईला जेवू घातलंस. पण आता पुढचं बघ. त्या वॉर्डात किती बेड आहेत, चाळीस? दुसऱ्या दिवशी शेजारच्या बेडवरच्या मावशी तुझ्याकडे कशा बघत होत्या ते आठव. आणि त्या बाईला तू काय काय विचारलंस? पैसे दिले की आपल्याला बरं वाटतं आणि विचारायचं राहून जातं. घरी कोण आहे, रेशनकार्ड आणलंय का, महात्मा फुले योजनेत केस घातलीये का, घातली असेल तर कुठे अडकलीये, नवऱ्याला ॲक्सिडेंट झाला असेल तर तो कामावर झाला की रस्त्यावर (कामावर झाला असेल तर भरपाईचा हक्क आहे, आणि हे त्या बाईला कुणी सांगितलेलं नसतं), परत जायला एसटीचे पैसे आहेत का, घरी पोरं कुणाकडे ठेवलीत. हॉस्पिटलात अशा वेळेसाठी काही सोय असते, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलांत पुअर बॉक्स फंड म्हणतात, कुठे एखादी संस्था डबे पुरवते. तुझ्या सोशल वर्करला विचारलंस का की इथे काय आहे? पेशंटला धर्मादाय हॉस्पिटलात हलवायची वेळ आली तर तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, हे तोंडपाठ पाहिजे, कारण काउंटरवरचा माणूस आपणहून सांगत नाही. तुझे ५०० रुपये दोन दिवसांत संपले असतील, या माहितीवर त्या कुटुंबाचं सगळं आजारपण निघू शकलं असतं. झापलं ते याच्यासाठी असणार, फक्त नीट समजावून सांगितलं नाही, ते त्यांचं चुकलं.

आता रेकॉर्डिंग. मलापण वीट आला होता, हात दुखायचा. माझं पहिलं फील्डवर्क एका हॉस्पिटलच्या ऑर्थोपेडिक वॉर्डात होतं, मांडीचं हाड मोडलेले एक आजोबा ट्रॅक्शनला होते, मी मोठ्या ऐटीत फाइल घेऊन गेले आणि प्रश्नांची यादी सुरू केली, नाव, गाव, शेती किती, मुलं किती. आजोबा तोंड फिरवून बसले. मी रेकॉर्डिंगमध्ये लिहिलं, पेशंट सहकार्य करत नाही. आमच्या मॅडमनी लाल पेनाने त्या वाक्याखाली रेघ मारली आणि आयसीमध्ये विचारलं, "म्हणजे ते नेमकं काय म्हणाले?" मी म्हटलं काहीच नाही. "एकही शब्द नाही? परत आठव." मग आठवलं की मध्ये एकदा म्हणाले होते, "पोरी, वॉर्डबॉय कुठाय?" मी म्हटलं येईल हो, आणि पुढचा प्रश्न विचारला. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांना लघवीला भांडं हवं होतं, पाय वर टांगलेला, समोर नातीच्या वयाची मुलगी, सांगणार कसं? आणि मी विचारतेय शेती किती.

आठ पानं त्याच्यासाठी असतात. कोण काय म्हणालं, तू काय म्हणालास, त्यावेळी तुला काय वाटलं, सगळं जसंच्या तसं. मी नुसता सारांश लिहिला, म्हणून "वॉर्डबॉय कुठाय" हे त्यात आलंच नाही. फक्त एक कर, त्याच दिवशी रात्री लिही. रविवारी बसून आठवड्याचं एकदम लिहिणारे कथा लिहितात, आणि चांगला सुपरव्हायजर ते दुसऱ्याच पानावर ओळखतो.

प्रश्न : चिंचवडला कंपनीत टाइम ऑफिसला आहे. मित्र म्हणतो एमएसडब्ल्यू कर, एचआरला प्रमोशन मिळेल. समाजकार्याचा आणि एचआरचा काय संबंध? (चिंचवड)

संबंध जुना आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर नेमायची अट घातली, आणि त्या जागेसाठी समाजकार्याची पदवी चालायची, म्हणून आपल्याकडे पिंपरी-चिंचवड, कोल्हापूर पट्ट्यातली कितीतरी मुलं पर्सोनेल मॅनेजमेंट (म्हणजे आजचं एचआर) स्पेशलायझेशन घेऊन एमएसडब्ल्यू करत आली. मला स्वतःला हे फारसं आवडत नाही, झोपडपट्टीत फील्डवर्क करताना यांचं सगळं लक्ष कंपनीच्या गेटकडे. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर होय, अजूनही चालतं, फक्त आजकाल बऱ्याच कंपन्या एमबीएच मागतात, तेव्हा आधी स्वतःच्या कंपनीच्या एचआर हेडला विचार, मित्राला नको. आणि नोकरी सांभाळून रेग्युलर जमणार नाही, आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क असतं.

प्रश्न : मेडिकल अँड सायकियाट्रिक स्पेशलायझेशन घेऊन एमएसडब्ल्यू झालंय. सायकियाट्रिक सोशल वर्कर असा बोर्ड लावला तर चालेल का? (अकोला)

नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात या नावाची व्याख्याच दिलीये, एमएसडब्ल्यूच्या वर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल लागतं, तेही देखरेखीखालच्या क्लिनिकल ट्रेनिंगसकट. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेसारख्या ठिकाणी ते पेशंटसोबत शिकवलं जातं. बोर्ड करायला टाकला असशील तर पेंटरला आजच फोन कर.

प्रश्न : वय ४६. मुलं मोठी झाली, आता मला शिकायचंय. वर्गात हसतील का? डिस्टन्सने केलं तर? (नाशिक)

हसतील, पहिला आठवडा. मग फॅमिली काउन्सेलिंगच्या केसला सासू-सुनेचं भांडण आलं की सगळे तुमच्याकडेच वळतील, बावीस वर्षांच्या पोरासमोर कुठली सासू मन मोकळं करतेय! इग्नूचं एमएसडब्ल्यू आहे, वयाची अट नाही, पण फील्डवर्क त्यातही सक्तीचं आहे, घरबसल्या पुस्तकं वाचून होईल असं समजू नका. जमत असेल तर मी रेग्युलरच म्हणेन. सुपरव्हायजर कदाचित तुमच्या मुलीच्या वयाची असेल, तिला मॅडमच म्हणा, बेटा नको. आणि रूरल कॅम्पला जाताना स्वतःची उशी न्या, शाळेच्या फरशीवर झोपावं लागतं.