पाय पलंगाखाली अडकवू नका

प्रश्न : माझं वय ३४, बँकेत बैठं काम. सहा महिने झाले, रोज सकाळी पलंगाखाली पाय अडकवून शंभर सिट-अप्स मारतो. मग दोन्ही हातांत पाच-पाच किलोचे डंबेल घेऊन डावी-उजवीकडे वाकतो. पोट जागच्या जागी आहे, उलट कंबर धरायला लागली आहे. कुठे चुकतंय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हे दोन्ही प्रकार आजच थांबवा. पाय अडकवले की उठण्याचं बरंचसं काम पोट सोडून जांघेतले खोलवरचे स्नायू करतात. त्यांचं वरचं टोक कमरेच्या मणक्यांनाच जोडलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक सिट-अपला मणके पुढे ओढले जातात. डंबेलचंही तसंच. दोन्ही हातांत सारखं वजन म्हणजे तराजूची दोन्ही पारडी भरलेली. एक वजन दुसऱ्याला तोलून धरतं, कुशीच्या स्नायूंना फारसं काही उरतच नाही.

मी एकवीस वर्षं मल्लखांब शिकवतोय. अढी घालून उलटा लटकलेला मुलगा अंग वर उचलतो तेव्हा त्याच्या बरगड्यांपासून खाली तिरक्या रेघा उमटतात. पँटच्या खिशात हात घातले की बोटं जशी तिरकी खाली जातात, तसे कुशीच्या स्नायूंच्या बाहेरच्या थराचे धागे. आतल्या थराचे त्याच्या उलट. धड उजवीकडे वळवताना उजवीकडचा आतला आणि डावीकडचा बाहेरचा थर एकत्र ओढतात. पण दिवसभरात या स्नायूंचं मोठं काम वळवण्याचं नसतं, धड वेडंवाकडं होऊ न देण्याचं असतं. व्यायामही तसाच हवा.

उताणे झोपा. हात छताकडे, गुडघे काटकोनात वर. माझे वस्ताद इथे आमच्या कमरेखाली पंजा सरकवायचे आणि म्हणायचे, "हा दाबून ठेव, मला काढता येता कामा नये." तुम्ही घडी घातलेला पंचा ठेवा. श्वास सोडत उजवा हात डोक्यामागे आणि डावा पाय लांब न्या, सावकाश. पंच्यावरचा दाब सुटला की तिथूनच परत फिरा. दोन्ही बाजूंनी आठ-आठ वेळा. नीट केलंत तर आठही पुष्कळ होतात.

मग कुशीवर वळा. कोपर खांद्याच्या बरोबर खाली, गुडघे दुमडलेले, कंबर उचलून वीस सेकंद. जमलं की पाय सरळ करा.

तिसरा व्यायाम मला सगळ्यांत आवडतो. बादलीत दहा लिटर पाणी घ्या, म्हणजे दहा किलो. एका हातात धरून अंगणात तीस पावलं चाला, खांदा तसूभरही कलू न देता. पाण्याचा हिंदकळ पाहिला की चाल कुठे बिघडते ते लगेच दिसतं. मग हात बदला.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. रोज करू नका, स्नायू भरतो तो विश्रांतीत. दोन आठवड्यांनी बादलीत एक लिटर वाढवा. पोटावरची चरबी मात्र पोटाच्या व्यायामाने तिथल्या तिथे झडत नाही. तिच्यासाठी ताटाकडे पाहावं लागेल आणि रोज भरपूर चालावं लागेल.

कमरेची कळ पायात उतरत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर यातलं काही सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

बहुतेकांची एक कूस आधी थरथरते. तुमची कोणती, ते तीन आठवड्यांनी मला कळवा. त्या बाजूला काय वाढवायचं ते तेव्हा सांगेन.