'से' की 'टेल'?

'तो मला म्हणाला' याचं इंग्रजी तुम्ही 'ही सेड मी' असं करता, ते चुकतंय, आणि त्या चुकीचं मूळ आपल्या मराठीत आहे. 'तो मला म्हणाला', 'त्यानं मला सांगितलं', दोन्हींत 'मला' सहज बसतं. इंग्रजीत तसं चालत नाही. 'टेल'ला ऐकणारा माणूस लगेच पुढे लागतो: 'ही टोल्ड मी'. 'से'ला पुढे लागतात ते बोललेले शब्द. माणूस आणायचाच तर मध्ये 'टू' घाला, 'ही सेड टू मी'. (मलाही हा 'टू' अंगवळणी पडायला बराच वेळ लागला, तेव्हा धीर सोडू नका.) कुणाला काही करायला सांगायचं असेल तर बिनधास्त 'टेल' वापरा: 'टेल हिम टू वेट'. 'टेल द ट्रूथ', 'टेल अ लाय' यांत माणूस नसला तरी चालतो. ते तसेच पाठ करा.