फ्लॅटमधल्या रिकाम्या कपाटात कोथिंबीर-मेथी लावायची आहे. दिवा कोणता घ्यावा आणि किती उंचीवर लावावा?

झाडांसाठी म्हणून विकला जाणारा, '१००० वॉट' असं छापलेला जांभळा दिवा अजून मागवला नसेल, तर कृपया थांबा. तुम्ही लिहिलंय की खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे, भिंतीतलं कपाट आतून चार फुटांहून थोडं जास्त रुंद आणि दीड फूट खोल आहे, आणि कोथिंबीर, मेथी, पुदिना आणि जमलं तर मिरची लावायची इच्छा आहे. मी स्वतः असंच एक कपाट वापरतो. एवढ्या जागेला कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणाऱ्या, ट्यूबसारख्या लांब पांढऱ्या एलईडी पट्ट्या (बॅटन) पुरतात. दिवा कुठला, यापेक्षा तो पानांपासून किती अंतरावर आणि कसा पसरलेला आहे, यावरच तुमची भाजी ठरेल.

तो १००० चा आकडा विजेच्या खऱ्या वापराचा नसतो. जुन्या प्रकारच्या अमुक वॉटच्या दिव्याइतका उजेड, असा तो दावा असतो. खरा वापर मागच्या लेबलवर बारीक अक्षरात असतो आणि कित्येकदा तो १०० वॉटच्या आसपास निघतो. जांभळ्या रंगामागचा युक्तिवाद असा, की हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं, म्हणून हिरवा वाया जातो. पण मॅक्री या शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये अनेक पिकांची पानं तपासून दाखवलं, की हिरव्या प्रकाशावरही प्रकाशसंश्लेषण चांगलं चालतं. शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळं पडतंय का, मागे मावा बसलाय का, हे दिसतच नाही. नवख्या माणसाला झाड नीट दिसणं फार गरजेचं असतं. म्हणून पांढराच घ्या. ४००० केल्विन असो वा ६५०० (हा पांढऱ्या रंगाच्या छटेचा आकडा), पालेभाजीला दोन्ही चालतात.

आता उजेड किती हवा ते. इथे डोळ्यावर विसंबू नका. रात्री ट्यूब लावलेली खोली आपल्याला लख्ख वाटते, पण तिथे जेमतेम दोन-तीनशे लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) असतात. भर दुपारच्या उन्हात एक लाखाच्या आसपास. डोळा दोन्हीशी जुळवून घेतो, झाडाला ते जमत नाही. झाडाचा प्रकाश मायक्रोमोलमध्ये मोजतात: दर चौरस मीटरवर दर सेकंदाला किती प्रकाशकण पडतात. कडक उन्हात हा आकडा २००० च्या जवळ जातो, पालेभाजीला १५० ते २५० पुरतात. हे मोजायचं यंत्र महाग असतं, पण पांढऱ्या एलईडीसाठी साधारण ७० लक्सला एक मायक्रोमोल धरता येतो. म्हणजे पानांच्या उंचीवर १० ते १७ हजार लक्स हवेत. मोबाइलवरचं लक्स मोजायचं अ‍ॅप वापरा. त्याचा आकडा तंतोतंत नसतो, पण मधल्या आणि कोपऱ्यातल्या उजेडात किती फरक आहे हे त्यावरून व्यवस्थित कळतं, आणि तेच जास्त कामाचं आहे.

तुमचं कपाट सहा चौरस फुटांचं. चार फुटी, २० वॉटच्या, २००० ल्युमेनच्या आसपासच्या चार एलईडी पट्ट्या घ्या (ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड). पाच बसल्या तर उत्तम. चार पट्ट्या म्हणजे ८० वॉट. रोज १४ तास लावल्या तर महिन्याला साधारण ३४ युनिट होतात, ते तुमच्या बिलातल्या दराने गुणून बघा. खास झाडांसाठीचा दिवा घ्यायचाच असेल, तर त्यावर 'मायक्रोमोल प्रति जूल' (ठरावीक विजेत झाडाला किती प्रकाश मिळतो) हा आकडा छापलाय का ते बघा. साध्या पट्टीचा तो १.४ च्या आसपास भरतो, चांगल्या ग्रो लाइटचा २.५ किंवा जास्त. आकडाच दिलेला नसेल तर जादा पैसे देऊ नका.

लावताना बहुतेक लोक पट्ट्या कपाटाच्या छताला स्क्रूने कायमच्या ठोकतात. खाली ट्रेमध्ये दोन इंचाची मेथी आणि दिवा तीन फूट वर! एवढ्या अंतरात उजेड विरून जातो आणि रोपं वर वर धावतात, काडीसारखी बारीक होऊन आडवी पडतात. पट्ट्या एका हलक्या फळीला किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला लावा आणि ती चौकट साखळीने टांगा, म्हणजे कडी-कडीने वर-खाली करता येईल. साध्या पट्ट्या पानांच्या शेंड्यापासून चार ते सहा इंचांवर ठेवा. झाड वाढेल तशी चौकट वर घ्या. ग्रो लाइटचं तीव्र पॅनेल घेतलं असेल तर मात्र एक ते दीड फूट अंतर सोडा, नाहीतर वरची पानं पांढुरकी पडतात आणि कडा वळतात.

सगळ्या पट्ट्या सारख्या अंतरावर लावल्या तर मधल्या ट्रेला सगळ्यांचा उजेड मिळतो आणि कडेचे ट्रे उपाशी राहतात. म्हणून बाहेरच्या दोन पट्ट्या कपाटाच्या पुढच्या आणि मागच्या कडेला जवळ घ्या आणि मधल्या दोघींत जास्त जागा सोडा. मग अ‍ॅपने मध्यभाग आणि चारही कोपरे मोजा. कोपऱ्यात मधल्याच्या निम्म्याहून कमी उजेड असेल तर पट्ट्या अजून बाहेर सरकवा. दर दोन-तीन दिवसांनी ट्रेची जागाही बदला.

कपाटाच्या आत गडद सनमायका असेल तर तो बराच उजेड गिळतो. आतून आणि दाराच्या आतल्या बाजूलाही चकाकी नसलेला पांढरा रंग द्या. माझ्या मते एक जादा पट्टी घेण्याआधी हे करावं, इतका फरक पडतो. स्वयंपाकघरातली चुरगळलेली फॉइल नको, तिच्यामुळे उजेड एकसारखा पसरत नाही.

टायमर नक्की घ्या, साधा प्लगमध्ये बसणारा. मेथीला आणि पुदिन्याला १४ ते १६ तास चालतात. कोथिंबीर मात्र लांब दिवस आणि उष्णता मिळाली की पानं सोडून फुलावर जाते. तिच्यासाठी १२ तासच ठेवा आणि उजेड कमी पडू नये म्हणून चौकट जवळ आणा. सगळं एकाच कपाटात असल्यामुळे मी १२ ते १३ तासांवर तडजोड करतो. मेथी तेवढ्यातही महिन्याभरात जुडीला येते.

पट्ट्यांना लागणारी वीज शेवटी कपाटात उष्णताच होऊन राहते. दार बंद ठेवून ८० वॉट चालवले तर मे महिन्यात रोपं कोमेजतील, आणि पावसाळ्यात कोंदट हवेने बुडाशी सडून कोलमडतील. दार फटीएवढं उघडं ठेवा, संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा वरच्या बाजूला हवा बाहेर फेकेल असा बसवा, आणि उन्हाळ्यात टायमर रात्रीचा लावा.

आणि हे काटेकोरपणे पाळा, कारण लाकडी कपाट, पाणी आणि वीज एकत्र येतायत: एक्स्टेन्शन बोर्ड ट्रेच्या पातळीच्या वर आणि शक्यतो कपाटाबाहेर ठेवा. वायर प्लगकडे जाण्याआधी थोडी खाली झोळ खाईल अशी सोडा, म्हणजे ओघळलेलं पाणी त्या झोळाशीच टपकेल. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून तो आधी बसवून घ्या, मगच ट्रेला पाणी घाला.

राहिली मिरची. तिला पालेभाजीच्या जवळपास दुप्पट प्रकाश लागतो आणि उंचीही. या चार पट्ट्यांखाली झाड जगेल, पण फुलं गळतील आणि मिरच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या लागतील. मेथीचे दोन-तीन हंगाम घ्या, उजेड मोजायचा हात बसू द्या, मग कपाटाचा एक वेगळा कप्पा जोरदार पॅनेल लावून फक्त मिरचीला द्या. तिथे वारा आणि माश्या नसतील, म्हणून फुलं आली की रोज देठाला हलकी टिचकी मारा. परागकण झडून फळ धरायला तेवढं पुरतं.