बेळगावच्या (कर्नाटक) उद्यमबागेतल्या मशीन शॉपचा हिशेब, जीएसटी आणि पगारपत्रक कोल्हापूरच्या एजन्सीकडे द्यावं का?

द्या, पण आधी त्यांची पगाराची शीट बघा. सॉफ्टवेअर महाराष्ट्रावर सेट असेल तर १८ हजार पगाराच्या पुरुष कामगाराचे दरमहा २०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातील. कर्नाटकात हा कर २५ हजार किंवा त्याहून जास्त पगारालाच लागतो. कापलेले पैसे परत द्यायची वेळ आली की कामगार एजन्सीला नाही, तुम्हालाच धरणार.

दुसरी गफलत बिलात होते. तुमचा जीएसटी नंबर २९ ने (कर्नाटक) सुरू होतो, कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या गिऱ्हाइकाचा २७ ने (महाराष्ट्र). तिथे आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीचा जीएसटी लागतो. राज्यातल्या राज्यातला सीजीएसटी-एसजीएसटी लावला तर बरोबरचा कर नव्याने भरून चुकीच्याचा परतावा मागत बसावं लागतं. कास्टिंग जॉबवर्कला सीमेपलीकडे पाठवताना माल ५० हजारांच्या आतला असला तरी ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) लागतं. हे बिल माल निघताना गेटवर बनतं, त्यामुळे ते काम आपल्याच माणसाकडे ठेवा.

करारात दर महिन्याच्या तारखा लिहून घ्या: टीडीएस ७, जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) साठी ११, पीएफ-ईएसआय १५, जीएसटीआर-३बी (कर भरायचं रिटर्न) २०. उशिराचं व्याज सरकार तुमच्याकडूनच घेतं, म्हणून एजन्सीच्या चुकीचा दंड त्यांनी भरायचा हे कलम हवंच. टॅलीचा बॅकअप दर आठवड्याला आपल्याकडे.

सरकारी पोर्टलवर मोबाईल नंबर आणि ईमेल मात्र मालकाचाच. एजन्सीवाले ‘ओटीपीची कटकट नको’ म्हणून स्वतःचा टाकतात. मग एजन्सी बदलताना लॉगिनसाठी त्यांच्याच मागे फिरावं लागतं.