सजावटी फाँट करायचाय? मग आधी ट्रॉलीमागे जाऊन उभे राहा

भाऊ, तुम्ही विचारलंय की धुळ्यात बसून सजावटी देवनागरी फाँट करायचाय, पण पिंटरेस्टवरचं सगळं एकाच साच्यातलं वाटतं, तर प्रेरणा कुठून घ्यायची? मी जळगावला वीस वर्षं पाट्या आणि लग्नपत्रिका केल्या, तीन फाँटही केले. पहिला पार फसला.

खान्देश म्हणजे केळी, म्हणून प्रत्येक दंड, म्हणजे अक्षरातली उभी रेघ, मी केळासारखा वाकवला. ‘केळी’ शब्द झकास दिसला. ‘सावदा’ लिहिलं तर चार केळांची फणी लोंबायला लागली, वाचता काही येईना! अक्षराला वस्तू चिकटवली की ती एका शब्दापुरती शोभते.

दुसरा फाँट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावरून सुचला. पेंटर आधी खडू चोळलेला दोरा ताणून शिरोरेघेची खूण पाडायचा. मग चपटा ब्रश एकाच कोनात धरून अक्षर, आणि शेड कायम उजवीकडे-खाली. एकदा ‘कृपा’तल्या ऋकाराला जागा उरली नाही, तर त्यानं तो क च्या पोटात वळवून घेतला. ते वळण मी जसंच्या तसं उचललं. नक्षीपेक्षा अडलेला हात काय करतो ते बघा.

धुळ्यातच आहात तर राजवाडे संशोधन मंडळात चक्कर मारा. 1927 पासूनची संस्था, मोडी कागद भरपूर. मोडीत रेघ आधी ओढतात आणि बोरू शक्यतो न उचलता अक्षरं तिला टांगतात. त्यातला वेग घ्या. रूपं उचललीत तर आजच्या वाचकाला एक अक्षर लागणार नाही.

अक्कलकुव्याकडच्या काठी गावच्या होळीत नाचणारे बुध्या पाहिलेत? अंगभर पांढरे ठिपके, कमरेला दुधी भोपळे. ठिपके दंडावर चालवून बघा. पण ते नवसाचं व्रत आहे, त्यामुळे फाँटला नाव देताना जपून.

‘एक टाइप’ या फाँट करणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ फाँटही उघडून बघा. अक्षरं इतकी फुगवलीत की आतल्या पोकळीची नुसती चीर राहते, तरी वाचता येतं. मोदकाचं चित्र कुठेच नाही.

ल आणि श मराठी वळणाचेच ठेवा, हिंदी वळणाचे पत्रिकेवर खटकतात. आणि क-ख-ग पासून सुरुवात नको. आधी ‘शिट्ट्या’, ‘तुऱ्यांवर’, ‘कृष्णाष्टमी’ काढा. ‘शिट्ट्या’ जमलं की फोटो टाका, बघतो.